हळदीच्या हंगामातली निवडणूक

यंदाही हळद शिजायला लागली आणि तिच्या पाठोपाठ प्रचाराच्या गाड्या गावात शिरल्या. आमच्या कृष्णाकाठाला पाच वर्षांतून एकदा या दोन गोष्टी एकाच सुमाराला येतात. मळ्यामळ्यातून वाफेच्या टाक्या धडधडत असतात. ओल्या मातीचा, कडवट, थोडा औषधासारखा वास सकाळपासूनच घरात येऊन बसतो. खळ्यावर शिजलेली हळकुंडं पसरलेली असतात आणि ती उलथणाऱ्या बायकांच्या टाचा, नखं, लुगड्यांचे काठ पिवळे होऊन गेलेले असतात. त्यांच्या शेजारूनच कर्ण्याची गाडी जाते. उमेदवाराचं नाव, चिन्ह, पुन्हा नाव. मी आता निवृत्त आहे, दुपारची सोप्यात बसून असते. गाडी दारावरून गेली की हातातलं काम तसंच राहतं. मागचा असाच एक हंगाम समोर येतो. शालनच्या शेवटच्या निवडणुकीचा.

शालन म्हणजे आमची खासदार. पाच वर्षं ती दिल्लीत होती. तिच्याआधी आमच्या गावचं कुणी मुंबईच्या विधानसभेतसुद्धा गेलेलं नव्हतं.

ती आणि मी एका गावच्या लेकी. वडूजच्या पलीकडचं कोरडवाहू गाव आमचं, ज्वारीचं आणि मटकीचं. सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. मी पुढं शिकून हिंदीची शिक्षिका झाले, तिची शाळा दहावीला सुटली आणि योगायोगानं एकाच वर्षी आम्ही दोघी या गावात सुना म्हणून आलो. पहिल्या दिवशी पाटाचं भरून वाहणारं पाणी आणि त्याच्या दोन्ही अंगांचा ऊस बघून ती म्हणाली होती, "सुमे, हितं पानी कुनी मोजत न्हाई गं." एवढं बोलून ती बराच वेळ पाटात पाय सोडून बसली होती.

तिचे मालक सैन्यातून सुभेदार होऊन आलेले. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा त्यांनी तिला उभी केली. सही तिची आणि कारभार आपला, असा त्यांचा सरळ बेत होता, आणि तसं ते चारचौघांत बोलूनही दाखवत. पहिल्याच ग्रामसभेत ते सवयीनं खुर्चीकडं निघाले तेव्हा शालन त्यांना हळूच म्हणाली की तुमी मागं बसा, मला सुचलं न्हाई तर इचारीन. तिला कधी विचारावं लागलं नाही. सुभेदार मागं बसले ते शेवटपर्यंत मागंच बसले, आणि त्यांनी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही.

मग पंचायत समिती, मग जिल्हा परिषद. तिला भाषण येत नसे. ती लोकांच्या चुलीपाशी जाऊन बसे आणि ऐकत राही. समोरचा माणूस बोलून थकला की मग एखादं वाक्य बोले, आणि ते वाक्य पाळायची. तिचं सगळं राजकारण एवढंच होतं. आता मागं वळून बघताना मला वाटतं, ती तेवढ्यावरच थांबली असती तर आज जिवंत असती की नाही ते सांगता येणार नाही, पण सुखी नक्की असती.

पण मधे अलका गेली.

अलका माझी मोठी जाऊ. मी तीस वर्षं शाळेत शिकवू शकले ती अलकामुळं. माझ्या वाटणीचं शेण, पाणी, भाकरी तिनं कधी न बोलता आपल्याकडं घेतलं होतं. "तू जा गं, पोरी वाट बघत असतील," एवढंच म्हणायची. आमच्या गावाच्या मधून रेल्वे जाते. रुळाच्या अलीकडं गाव, पलीकडं शाळा, दवाखाना आणि निम्मं शिवार. फाटक आहे ते दोन मैलांवर. गावाजवळ फाटक कधीच नव्हतं, नुसती पाऊलवाट. पिढ्यान् पिढ्या लोक दोन्हीकडं बघून रूळ ओलांडत आले. एका थंडीत, सकाळच्या धुक्यात, अलका डोक्यावर जनावरांसाठी वाड्याचा भारा घेऊन निघाली. उसाच्या शेंड्यांचा तो हिरवा भारा डोक्यावर असला की दोन्ही बाजूंनी पाती खाली लोंबतात, डोळे आणि कान दोन्ही झाकून जातात.

मी शाळेत होते. पहिला तास चालू होता. मला कुणीतरी बोलवायला आलं आणि मी पोचले तेव्हा शालन आधीच तिथं बसली होती, खडीवर, फतकल मारून. तिनं स्वतःच्या अंगावरची शाल काढून अलकावर घातली होती आणि इतर कुणाला पुढं येऊ देत नव्हती. मलाही तिनं पुढं येऊ दिलं नाही. "तू बघू नगं," म्हणाली. मी ऐकलं. आज त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. अलका मला आठवते ती तोंडाला पदर लावून हसणारीच आठवते.

त्या दिवसानंतर शालननं रुळाखालून भुयारी रस्ता व्हावा म्हणून अर्ज करायला सुरुवात केली. सातारा, सांगली, पुणे, सगळीकडं जाऊन आली. शेवटी कुणीतरी तिला सांगितलं की हे दिल्लीचं काम आहे, इथं कुणाच्या हातात नाही. तेव्हा ती घरी येऊन माझ्यापाशी बसली आणि दिल्लीला जायला काय करावं लागतं, असं तिनं विचारलं. जसं कुणी कराडला जायची एसटी विचारावी तसं.

तिकीट तिला मिळालं ते अपघातानं. आमच्या भागातली दोन मोठी घराणी तिकिटासाठी भांडत होती आणि दोघांनाही दुसऱ्याला ते मिळू नये एवढंच हवं होतं. मधला मार्ग म्हणून शालनचं नाव पुढं आलं. ही पडणार असं धरूनच ते पुढं केलं होतं. ती निवडून आली. निकालाच्या दिवशी गुलालानं माखलेली ती आधी आमच्या घरी आली, अलकाच्या फोटोपुढं उभी राहिली, आणि निघून गेली. तिच्या पावलांचे लाल ठसे आमच्या सोप्यात दोन दिवस होते. मी ते पुसले नाहीत.

तिला हिंदी शिकवायचं काम माझ्याकडं आलं. मी तिला सांगून पाहिलं की तिथं मराठीत बोलता येतं, दुभाषे असतात. ती म्हणाली, मराठीत बोललं की मंत्र्याच्या कानात दुसऱ्याचाच आवाज जातो, माझा जायला पायजे. मग रोज सकाळी शाळेआधी आमच्या परसात आमचा वर्ग भरे. हिंदीतलं स्त्रीलिंग-पुल्लिंग तिला काही केल्या सुटेना. "मी बी बाई, रेल बी बाई, पटरी बी बाई," ती म्हणायची, "मग ह्यो रस्ताच तेवढा बाप्या कशाला झाला?" आम्ही दोघी पोट धरून हसायचो. अलका गेल्यावर त्या परसात आम्ही पहिल्यांदा हसलो ते तेव्हा.

प्रश्न तिनं पाठ केला होता. "अध्यक्ष महोदया, मैं जानना चाहती हूँ..." तिथून पुढं सात ओळी. त्यांत अलकाचं नाव नव्हतं, घालता येत नाही असं मीच तिला सांगितलं होतं. पण नाव येण्याच्या जागी ती दर वेळी किंचित थांबायची.

खासदाराचा प्रश्न म्हणजे उभं राहिलं आणि विचारला, असं नसतं हे ती तिकडं गेल्यावर आम्हाला कळलं. प्रश्न लिहून द्यायचा, मग चिठ्ठ्या निघतात. पहिल्या चार-पाचांत नंबर लागला तरच सभागृहात उभं राहून विचारायला मिळतं, नाहीतर कागदावर उत्तर येतं. शालनचा नंबर कधी शेवटी लागे, कधी लागतच नसे. चार वर्षं अशी गेली. या काळात तिनं रस्ते केले, दवाखान्याला खाटा आणल्या, पाण्याच्या टाक्या बांधल्या. गावोगावी तिच्या नावाचे दगड बसले. भुयारी रस्त्याचं काय, असं कुणी विचारलं की मात्र तिचा चेहरा उतरायचा.

पाचव्या वर्षी, हिवाळी अधिवेशनात, तिचा तिसरा नंबर लागला. तिनं मला फोन केला आणि म्हणाली, "सुमे, तू येतीस. वर बसून ऐकतीस. मी चुकले तर तुला बघीन."

सांगलीहून आम्ही दोघी गाडीत बसलो. गाडी आमच्या गावावरून गेली. आमच्या गावाला ती थांबत नाही. ती पाऊलवाट, खडी, पलीकडं शाळेची भिंत, सगळं दोन-तीन क्षणांत मागं गेलं. गाडीच्या आतून ती जागा मी पहिल्यांदाच बघत होते. तिथं एखादं माणूस उभं असलं तर आतून दिसतसुद्धा नाही. शालननं माझा हात धरला होता, तो कराड गेलं तरी सोडला नाही.

दिल्लीत कडाक्याची थंडी होती. प्रेक्षकांच्या सज्जात जाताना माझी पर्स, फोन, पेनसुद्धा बाहेर ठेवून घेतलं. पुढं वाकून बसायचं नाही, बोलायचं नाही, खूण करायची नाही, असं एका पहारेकऱ्यानं बजावलं. मी शाळेतल्या पोरीसारखी ताठ बसले. खाली शालन दिसली, मागच्या ओळीत, अबोली रंगाच्या इरकलीत. तिच्या हातात तो कागद होता.

अकरा वाजले. अध्यक्ष आल्या, सगळे उभे राहिले, बसले, आणि बसता बसताच गोंगाट सुरू झाला. कशावरून ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तिच्याच पक्षानं त्या दिवशी कामकाज चालू द्यायचं नाही असं सकाळी ठरवलं होतं. तिला ते आत गेल्यावर कळलं. तिच्या पक्षाचे सगळे सभासद उठून मधल्या मोकळ्या जागेत गेले. शालन बसून राहिली. मग पुढून एकानं मागं वळून तिच्याकडं बघितलं, काहीतरी बोलला, आणि तिच्या हातात एक फलक दिला. ती उठली. मी तिला त्या गर्दीत जाताना बघितलं. हातातला कागद तिनं घडी करून पोलक्यात खोचला आणि फलक छातीशी धरला. त्यावर काय लिहिलंय हे तिनं वाचलंही नसेल. दहा मिनिटांत सभागृह बारापर्यंत तहकूब झालं. प्रश्नांचा तास संपला. ती वर माझ्याकडं बघेल म्हणून मी वाट बघत होते. तिनं बघितलं नाही.

उत्तर कागदावर आलं. मामला विचाराधीन है.

तिच्या बंगल्यावर आम्ही दोघी पिठलं-भात खायला बसलो. बसून राहिली असती तर काय झालं असतं, असं मी विचारलं. पुढच्या वेळी तिकीट मिळालं नसतं, ती म्हणाली, आणि लगेच मान खाली घातली, कारण हे उत्तर तिला स्वतःलाच आवडलं नव्हतं. मग गावात काय सांगू, असं तिनं विचारलं. खरं ते सांग, मी म्हणाले. अजून एक छोटं अधिवेशन उरलंय, त्यात प्रश्नांच्या तासानंतर, शून्य प्रहरात उभी राहा, दोन मिनिटं मिळतात. ती बरं म्हणाली. तेव्हा ती मनापासून म्हणाली होती, याची मला आजही खात्री आहे.

त्यानंतर तीन आठवड्यांनी आमच्या गावची पौषातली जत्रा आली. शिवारात हळदीची काढणी नुकती सुरू झाली होती. देवळापुढं मांडव होता. शालनचा सत्कार ठेवला होता. मी पुढच्या रांगेत बसले होते, शेजारी सासूबाई आणि अलकाची लेक. फेटा, नारळ सगळं झालं. मग गणपू आप्पा उठले. गणपू आप्पा म्हणजे गावातले जुने पैलवान, ऐंशीच्या घरातले, शालनला पहिल्या दिवसापासून लेक मानणारे. त्यांनी साधं विचारलं, "ताई, आपल्या रुळाचं बोललीस का तितं?"

त्यांच्या विचारण्यात काही खोच नव्हती. बापानं लेकीला सासरचं विचारावं तसं ते होतं. शालन माइकपुढं उभी होती. मांडवात पाचशे तरी माणसं असतील. मी तिच्याकडं बघत होते. तिनं हातातला नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"बोलले की आप्पा," ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या म्हणून ती आणखी बोलली. सगळं सभागृह गप्प झालं होतं म्हणाली, मंत्री कान देऊन ऐकत होते म्हणाली. आणि मग, स्वतःच्याच बोलण्याला घाबरल्यासारखी, तिनं माझ्याकडं बोट केलं.

"बाई हुत्या की वर. इचारा त्यास्नी."

सगळा मांडव माझ्याकडं वळला. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझी अलका दिल्लीपतुर पोचली, असं त्या पुटपुटत होत्या. अलकाची लेक माझ्याकडं बघत होती. ती तेव्हा बारावीला होती, तिचे डोळे अगदी आईचे.

मी मान हलवली. एकदाच, खाली आणि वर. तीस वर्षं मी मुलींना शिकवलं, त्यांच्या वह्यांतल्या चुका लाल शाईनं खुडून काढल्या. आयुष्यात ज्या एका गोष्टीची मला लाज वाटते ती करायला मला एक क्षण पुरला.

शेवटच्या अधिवेशनाला ती गेली, पण उभी राहिली नाही. मग हळद शिजायला लागली आणि निवडणूक लागली. तिकीट तिला मिळालं. तो उन्हाळा फार लवकर तापला. पांगारे फुलून गेले, कडुनिंबाच्या मोहोराचा वास दुपारभर दारात असायचा, आणि त्या सगळ्यावर हळदीचा वास. एके दिवशी कुणाच्या तरी फोनवर ती चित्रफीत आली. सभागृहातला गोंगाट, आणि गर्दीत फलक धरून उभी असलेली अबोली इरकल. खाली तारीख होती. तो दिवस गावाला तोंडपाठ होता, कारण ती त्या दिवशी बोलली असं गावात सांगितलं गेलं होतं.

दोन दिवसांत ती प्रत्येक फोनवर गेली. समोरच्या पक्षाची माणसं माझ्याकडं आली, अगदी नम्रपणे. तुम्ही तिथं होता, तेवढं खरं काय ते सांगा, बाई. मी त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं. संध्याकाळी शालन आली. ती उंबऱ्याच्या आत आली नाही, पायरीवरच बसली. प्रचारात फिरून तिचा घसा बसला होता, पावलांवर धुळीचा थर होता.

"उद्या देवळापुढं शेवटची सभा हाय," ती म्हणाली. "तू बोलू नगं काय. फकस्त वर येऊन बस माझ्या शेजारी."

मी म्हणाले, मला जमायचं नाही. अलकाच्या लेकीनं ती चित्रफीत बघितलीय, ती माझ्याशी दोन दिवस बोललेली नाही. आता पुन्हा वर जाऊन बसले तर ती आयुष्यभर बोलणार नाही. हे सगळं खरं होतं. पण मी ते अशा आवाजात सांगितलं, जणू खोटं फक्त तीच बोलली होती.

शालननं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली, आणि उठताना गुडघ्यावर हात टेकून उठली. सभेच्या वेळी मी घराचं दार लावून बसले होते. कर्ण्यातून तिचा बसलेला आवाज येत होता. माझी रिकामी खुर्ची गावानं बघितली आणि गावाला जे समजायचं ते समजलं.

ती पडली. आमच्या गावातसुद्धा तिला आघाडी मिळाली नाही.

पडलेला खासदार कसा असतो हे मी जवळून बघितलं. आधी गाड्या जातात, मग फोन, मग वर्तमानपत्रवाले. सगळ्यात शेवटी लग्नपत्रिका यायच्या बंद होतात. सुभेदार त्याच वर्षी गेले. मला वाटलं होतं ती मुलाकडं पुण्याला जाईल. ती गेली नाही. जूनमध्ये शाळा उघडल्या त्या दिवशी सकाळी मी रुळापाशी आले तर शालन तिथं उभी होती. अंगावर साधं पातळ, पायांत रबरी चप्पल. गाडीची वेळ झाली की ती हात आडवा करायची आणि मुलींना थांबवायची. गाडी गेली की हात खाली. सकाळी शाळा भरताना आणि संध्याकाळी सुटताना. सुरुवातीला लोक हसले. नवी निवडणूक लढवणार दिसतीया, असंही बोलले. ती हात आडवा करत राहिली. पहिल्या पावसाळ्यात हसणं थांबलं, दुसऱ्या वर्षी बायका वाड्याचा भारा घेऊन तिच्यापाशी येऊन थांबायला लागल्या. तिथं उभी राहून ती अर्जही लिहायची, गुडघ्यावर वही ठेवून, माझ्याकडून शिकलेल्या हिंदीत. ती हिंदी तेव्हा बिनचूक झाली होती. रोज मी तिच्या शेजारून शाळेत जायचे. ती "ये" म्हणायची, मी "हो" म्हणायचे. याहून जास्त आम्ही काही बोललो नाही. एक हात पुढं करून शेजारी उभं राहायला मला काय झालं होतं?

चौथ्या वर्षी तिची किडनी गेली. मिरजेच्या दवाखान्यात मी तिला भेटायला गेले तेव्हा ती खाटेवर फार लहान दिसत होती. मी धीर करून म्हणाले, शालन, त्या दिवशी मी स्टेजवर यायला पाहिजे होतं.

तिनं डोळे उघडले. "त्येचं काय न्हाई गं," ती म्हणाली. मग श्वास घेत घेत बोलली. "जत्रेत मान हलवलीस, ती नको हुती हलवायला. तू न्हाई म्हनली असतीस तर मी तितंच खाली बसले असते. रडले असते. आन आठ दिवसांनी जाऊन खरंच बोलून आले असते. अजून येक अधिवेशन हुतं की गं. तू मान हलवलीस आन मला वाटलं, झालं. बोलून झालं."

तिच्या आवाजात राग नव्हता. मला तो हवा होता. मी तिचे पाय दाबत बसले. तिचे तळवे खडीवर उभं राहून राहून दगडासारखे झाले होते. त्यानंतर अकराव्या दिवशी ती गेली.

शोकसभा देवळापुढंच झाली. तिच्याशी भांडलेले, तिला पाडलेले, सगळे आले आणि चांगलं बोलले. मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. मी उठले आणि माइकपाशी गेले. शालन त्या दिवशी सभागृहात बोलली नव्हती, मी म्हणाले. तिला बोलू दिलं नव्हतं. मी वर बसून बघितलं होतं. तरी तुम्ही माझ्याकडं बघितलंत तेव्हा मी मान हलवली. ती एकदा खोटं बोलली, मी तिचं खोटं खरं करून दिलं, आणि मग तिला एकटीला सोडलं. एवढं सांगून मी थांबले.

अलकाची लेक नोकरीवरून मुद्दाम आली होती, ती खाली बघत होती. गणपू आप्पांना आता उभं राहता येत नव्हतं. ते खुर्चीतूनच म्हणाले, "आमाला ठावं हुतं, बाई."

मी माइकपासून त्यांच्याकडं वळले.

"जत्रेतच कळलं हुतं. ताईला खोटं बोलायला येत न्हवतं, चेहराच पडला हुता तिचा. आमी म्हनलं, आज न्हाई तर उद्या सांगंल. ती न्हाई तर तुमी सांगाल. मत त्येच्यासाठीच दिलं न्हाई. वाट बघून बघून रागानं न्हाई दिलं."

पाचशे माणसं आमच्या दोघींपैकी एकीच्या तोंडाकडं बघत तीन महिने थांबली होती, आणि आम्ही त्यांना घाबरत होतो.

शालन गेल्यावर पुढच्या वर्षी रुळाची दुसरी लाइन आली आणि तिच्यासोबत भुयारी रस्ताही झाला. कुणाच्या अर्जामुळं ते सांगता येणार नाही. तिच्या वहीतले अर्ज कुठल्यातरी कपाटात असतीलही. उद्घाटनाला बरेच लोक आले. दगडावर बरीच नावं आहेत. पावसाळ्यात त्यात घोटाभर पाणी साचतं, लोक कुरकुर करतात, मग ते पंपानं काढतात. सगळ्या रस्त्यांचं असतं तसंच त्याचंही आहे.

परवा प्रचाराची गाडी दारावरून गेल्यावर मी चपला घातल्या आणि तिथवर चालत गेले. शाळा सुटायची वेळ होती. उतारावरून मुली सायकलींवर आल्या, एकमेकींना मागं टाकत, आवाज घुमतो म्हणून मुद्दाम ओरडत. तेवढ्यात वरून गाडी गेली. हल्लीच्या विजेच्या गाड्यांना पूर्वीसारखा आवाज नसतो, नुसती वरच्या काँक्रीटला थरथर होते. मी दचकून वर बघितलं. मुलींनी नाही बघितलं. त्यांचं काहीतरी बोलणं चाललं होतं, ते त्यांनी थांबवलं नाही, आणि पलीकडच्या उजेडात त्या निघून गेल्या.